वर्षभर जवळपास रोज पेनकिलर घेऊनही डोकं दुखतंच. डोकेदुखी वारंवार होऊ नये म्हणून दिलेली रात्रीची अ‍ॅमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी १० दिवसांत गुण देत नाही म्हणून सोडू का?

सोडू नका. १० मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलिनचा निकाल १० दिवसांत लागत नाही. तुमच्या प्रश्नात मला खरी मेख दुसरीकडेच दिसते: वर्षभर जवळपास रोज घेतलेली पेनकिलर.

साधं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन महिन्यातले १५ दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनची गोळी), कोडीन, ट्रामाडॉल (दोन्ही अफूच्या वर्गातली वेदनाशामकं) किंवा कॅफिन मिसळलेली गोळी १० दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी जागती ठेवू लागते. मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. एका दिवशी तीन घेतल्या तरी तो एक दिवस. रोज अर्धी घेतली तर महिन्याचे तीस. ‘अर्धीच तर घेतो’ म्हणणारे इथेच फसतात.

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन आणि ट्रिप्टान एकदम थांबवता येतात. कोडीन-ट्रामाडॉल मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायचं. बंद केल्यावर २ ते १० दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, मळमळतं, झोप उडते. अनेकांचा बेत याच दिवसांत मोडतो, तो यामुळेच. हे दिवस कामाचा ताण कमी असताना निवडा. मधल्या काळासाठी एखादं मोजक्या दिवसांचं औषध लागेल का, ते आधीच विचारून ठेवा.

अ‍ॅमिट्रिप्टिलिन झोपताना नाही, झोपेच्या एक-दोन तास आधी घ्या. सकाळची गुंगी बरीच कमी होते. तोंड कोरडं पडू शकतं. डोस सहसा दर एक-दोन आठवड्यांनी १० मिलिग्रॅमने वाढवतात, सोसेल तितकाच. पुरेशा डोसवर ८ ते १२ आठवडे झाल्याशिवाय ‘लागू पडलं नाही’ म्हणू नये. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर आधी सांगा. डोकेदुखी रोखायला प्रोप्रॅनोलॉल हा दुसरा पर्याय, पण दमा असलेल्यांना तो चालत नाही. टोपिरामेट हा आणखी एक पर्याय, तो गरोदरपणात नको.

अचानक, मिनिटभरात शिगेला पोचलेलं दुखणं, तापासोबत ताठलेली मान, हातापायातली कमजोरी किंवा दिसण्यात फरक असेल तर हे सगळं बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेल्या डोकेदुखीचीही आधी तपासणी हवी.

कॅलेंडरवर दोनच खुणा करा: दुखलं तर टिंब, गोळी घेतली तर फुली. पुढे फुल्या आठवड्याला दोनच्या वर जाऊ देऊ नका. तीन महिन्यांनी टिंबं निम्म्यावर आली असतील तर औषध चाललंय; मग ते साधारण ६ ते १२ महिने ठेवून हळूहळू कमी करतात.