बाराशे कॅलरी खाऊनही वजन हलत का नाही?

“मॅडम, मी तं काहीच खाऊन नाही राहिली, तरी काटा जागचा हलत नाही!” आहारसल्ल्याला येणाऱ्या बायकांची ही नेहमीची तक्रार. गेल्या हिवाळ्यात आलेल्या ताई घरी शिकवण्या घेतात. वय 43, उंची 156 सेंमी, वजन 74 किलो. थायरॉइड, साखर नॉर्मल. मोबाइलमधल्या ॲपने रोज 1200 कॅलरी ठरवून दिल्या होत्या आणि त्या इमानेइतबारे पाळत होत्या.

ॲपला त्यांनी ‘आठवड्याला एक किलो’ सांगितलं होतं. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी, म्हणजे रोज 1100 कमी खायच्या. ॲप बिचारं 1200 च्या खाली उतरेना, म्हणून तिथेच थांबलं. तो आकडा ताईंच्या अंगाचा नव्हताच.

मी कागद घेतला. वजनाची दहापट 740, उंचीची सव्वासहापट 975. त्यातून वयाची पाचपट 215 आणि बायकांसाठी 161 वजा केले. उरले 1339. नुसतं पडून राहिलं तरी शरीराला इतकं लागतं. घरकाम आणि नागपूरच्या फुटाळा तलावावरचं फिरणं धरून 1.375 ने गुणलं, तर खर्च 1840 च्या आसपास. अंदाजच आहे, पण कामापुरता पुरतो.

मग 1200 वर वजन उतरायलाच हवं होतं!

“फोडणीला तेल किती घालता?”
“मोजते कोण? हात बसलेला आहे.”
“महिन्याला किती लागतं?”
“पाच लिटरची कॅन. घरात चौघं.”

पाच लिटर म्हणजे साडेचार किलोहून थोडं जास्तच. माणशी दिवसाला 38 ग्रॅम, ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे सुमारे 340. ॲपमध्ये पोळी, वरण, भाजी सगळं नोंदलेलं. तेल कुठेच नाही. चार कप चहातली दोन-दोन चमचे साखर धरा, आणखी 160. आणि आठवडाभर पोट मारल्यावर रविवारी सावजी मटण, वर गोळाभातावर कढत तेल. त्या दिवसाची नोंद त्या करतच नसत. “रविवार कशाला लिहायचा?” म्हणाल्या. मला हसू आलं, पण आठवड्याच्या बेरजेत रविवार येतोच.

लक्ष्य मी वाढवून 1450 केलं. ताई दचकल्याच. रोज चारशेची तूट म्हणजे महिन्याला दीड किलोच्या आसपास; हळू, पण पोट मारावं लागत नाही. तेल सकाळीच वाटीत मोजून काढायचं, माणशी चार लहान चमचे. चहा अर्ध्या साखरेचा. सावजी बंद नाही. वरची तर्री बाजूला काढायची. दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर गेला तर घाबरू नका, ते मिठाने धरलेलं पाणी असतं. एका जेवणात 7700 कॅलरी जादा कोण खाणार? रोजच्या वजनाची आठवड्याची सरासरी तेवढी पाहायची.

(मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, मगच जेवण कमी करा.)

तीन महिन्यांत ताई 70 वर आल्या. आता खर्चही पन्नासेक कॅलरींनी उतरला, म्हणून आकडा 1400 करायचा का, असं त्यांनीच विचारलं. मी 1450 च ठेवला. वजन तीन-चार आठवडे अडलं, तर पुन्हा कागद काढू.