गर्ट्रूडची भूमिका करणाऱ्या मुलीस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

‘हॅम्लेट’मधील राणी तुझ्या वाट्याला आली, हे वाचून फार आनंद झाला. पहिल्या नवऱ्याचा, म्हणजे हॅम्लेटच्या बापाचा, खून दिराने केला (तोच आता राजा आणि तिचा दुसरा नवरा) हे तिला ठाऊक होते की नव्हते, ते ठरल्याशिवाय भूमिकेत पाऊल टाकता येत नाही, असे तू लिहितेस. १६०३ च्या छापील प्रतीत राणी आपल्याला या खुनाची कल्पनाच नव्हती असे मुलाला शपथेवर सांगते, पण आपण तालमीला घेतो त्या संहितेत ती शपथ नाही. तिथे हॅम्लेटने राजाच्या खुनाचा उच्चार केल्यावर ती तेच शब्द प्रश्नासारखे परत उच्चारते, एवढेच. माझ्या मते ते आश्चर्य खरे आहे. तरीही तिच्या मनाचा ठाव या प्रश्नातून लागणार नाही, तो ती कोणाला पाठीशी घालते यातून लागेल.

चौथ्या अंकाचा पहिला प्रवेश सावकाश वाच. पडद्यामागे लपलेल्या पोलोनियसला, राजाच्या मंत्र्याला, हॅम्लेटने नुकतेच ठार केले आहे आणि आपले वेड हे सोंग आहे, ते राजाला कळू देऊ नकोस, असे आईला बजावले आहे. राजा विचारतो तेव्हा ती मुलगा वाऱ्यासमुद्रासारखा खवळला आहे म्हणते आणि वर तो केल्या कृत्याबद्दल रडतो आहे असेही सांगते. पश्चात्ताप झाल्याचे हॅम्लेट एका वाक्यात म्हणतो खरे, पण ते प्रेत ओढून नेताना त्याच्या तोंडी थट्टाच आहे आणि रडल्याची खूण संहितेत कुठेही नाही. तो अश्रू आईने आपल्या पदरचा घातला आहे. त्याच अंकात पुढे पोलोनियसचा मुलगा लेआर्टिस बापाच्या मृत्यूचा जाब विचारत राजावर चालून येतो, तेव्हा हीच बाई त्याला अडवते आणि यांनी मारले नाही असे मध्येच बोलून जाते. नवऱ्याला वाचवणाऱ्या त्या शब्दांनी संशय आपल्याच मुलाकडे वळू शकतो, हे तिच्या ध्यानातही येत नाही. जो समोर संकटात दिसेल त्याला झाकायचे आणि घर मोडू द्यायचे नाही, हा तिचा सुप्त हेतू आहे असे मी मानतो. घाईने केलेल्या लग्नाकडेही मी याच नजरेने पाहतो. केवळ वासना म्हणून ते रंगवणे हे हॅम्लेटचे मत झाले, तुझे असण्याचे कारण नाही.

तिला मनातले बोलायला चौथ्या अंकातल्या चारच ओळी मिळतात. तिथे ती आपल्या आत्म्याला आजारी म्हणते. त्या ओळी प्रेक्षकांना ऐकवू नकोस, पुटपुट. (आगरकरांनी १८८३ मध्ये केलेल्या ‘हॅम्लेट’च्या मराठी रूपात, ‘विकारविलसित’मध्ये, ती जागा कशी उतरली आहे, तेही जरूर पाहा.)

शेवटच्या प्रवेशात हॅम्लेट आणि लेआर्टिस यांची तलवारबाजी चालू असते; घाम पुसायला हॅम्लेटला हातरुमाल देताना, राजाने हॅम्लेटसाठी विष घालून ठेवलेला पेला उचल. राजा पिऊ नकोस म्हणतो आणि ती क्षमा मागून पिते. विष आहे हे तिला ठाऊक नाही, असेच समजून कर. भर दरबारात नवऱ्याचा शब्द ती इथेच प्रथम मोडते. ती कोसळते तेव्हा राजा रक्त पाहून घेरी आल्याचे सांगू लागतो, आणि ती नाही, नाही म्हणत पेल्याचे नाव घेते, ते राजाकडे न पाहता मुलाला हाक मारून. त्या वेळी तुझी नजर कुठे असेल, ते मला पुढच्या पत्रात कळव.

तुझा शुभचिंतक