चिंगी गाजर मागते, द्यावं का?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. आमच्याकडे अडीच वर्षांची फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) आहे, चिंगी. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या भाजी चिरायला बसल्या की चिंगी पायाशी घुटमळते आणि त्या तिला गाजराचा तुकडा, काकडीची चकती, चार मटार देतात. ‘बघ, कशी सशासारखी कुरतडते!’ म्हणतात. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, पण चिंगीला तिचं पाकिटातलं कोरडं खाद्य देतो. भाज्या दिलेल्या चालतात का? मोड आलेली मटकी द्यावी का, हेही विचारायला त्यांनीच सांगितलं आहे.

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की चिंगी सशासारखी नाही, ती ससा खाणाऱ्यांतली आहे. तुम्ही राहता त्या यॉर्कशरमध्ये फेरेट पाळायचे ते सशाच्या बिळात सोडण्यासाठी. मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकले तेव्हा फेरेट फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. इकडे आल्यावर पहिला जिवंत फेरेट भेटला तो एका म्हाताऱ्या खाणकामगाराच्या कोटाच्या खिशात. फेरेटच्या जेवणाचं विचारलं तर आजोबा म्हणाले, ‘ससा. आणि ससा नसला तर कोंबडीची पिल्लं.’ भाजीचं नावही नाही.

चिंगीनं जांभई दिली की तिचे दात बघा. मागचे दात कात्रीसारखे आहेत, चावून पीठ करणारी सपाट दाढ त्यांत नाही. जबडा नुसता वर-खाली होतो, गाईसारखा आडवा फिरत नाही. म्हणजे गाजर ती कुरतडते ते फक्त तुकडे करून गिळते. सशाच्या पोटात चारा आंबवायला मोठी पिशवी असते, चिंगीच्या आतड्याला ती मुळीच नाही. आतडंही आखूड. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. एवढ्या वेळात भाजीतून तिला काही मिळत नाही. खात्री करायची असेल तर उद्या तिची शी-शूची पेटी साफ करताना नीट बघा. मटार बहुतेक जसेच्या तसे सापडतील.

आता सरळ उत्तर. काकडीची पातळ चकती किंवा शिजवून मऊ केलेला मटार चुकून पोटात गेला तर घाबरू नका, ते विष नाही. कच्चं गाजर मात्र आजपासून बंद. कडक तुकडा या बारीक आतड्यात अडकतो. आमच्या दवाखान्यात अशी एक फेरेट आली होती. दोन दिवस खाणं बंद, दात करकर वाजवत होती, तोंडातून लाळ. उलटी एकही नाही, म्हणून घरचे निवांत होते. पोट उघडल्यावर गाजराचा तुकडा निघाला, अंगठ्याच्या नखाएवढा. ती वाचली, पण थोडक्यात. अशी लक्षणं दिसली, शी दोरीसारखी बारीक किंवा डांबरासारखी काळी झाली, तर सकाळची वाट पाहू नका.

कांदा आणि लसूण कच्चे, शिजलेले, पूड केलेले, कुठल्याच रूपात नाहीत. त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शेजाऱ्यांनी प्रेमानं आणलेल्या चिकनच्या रश्श्यातली फोड धुऊन दिली तरी चालणार नाही, मसाला आत मुरलेला असतो.

‘पण ती मागते ना!’ हे सासूबाई म्हणणारच. मागते, कारण फेरेटला गोडाची ओढ भारी. बेदाणा, केळं, बिस्किट, सगळ्यावर झडप घालेल. गोड गाजरही त्यातलंच. तीन-चार वर्षांनंतर फेरेटना स्वादुपिंडात गाठी होऊन रक्तातली साखर एकदम उतरण्याचा आजार बराच होतो. साखर-पिठाचं खाणं त्याला हातभार लावतं असा आम्हा डॉक्टरांचा संशय आहे. चिंगी त्या वयाच्या उंबरठ्यावर आहे. कधी मागचे पाय लुळे पडले, नजर शून्यात लागली, तर हिरड्यांना बोटभर मध चोळा आणि तडक डॉक्टरकडे या. मधाला माझी परवानगी तेवढ्या एकाच प्रसंगी.

मटकी नको. तिला प्रथिनं हवीत ती प्राण्यांची. डाळी-कडधान्यांच्या प्रथिनांनी फेरेटची लघवी बदलते आणि मूतखडे होतात. म्हणूनच तुमचं ते पाकीटही उलटून बघा. ‘धान्यविरहित’ असं पुढे मोठ्या अक्षरात लिहितात आणि मागे वाटाणा, हरभरा, बटाटा भरलेला असतो. यादीत पहिलं नाव मांसाचं हवं. प्रथिनं 35 टक्क्यांच्या वर, स्निग्धांश 15 ते 20 आणि तंतू 3 टक्क्यांच्या आत. वाटी दिवसभर भरलेली ठेवा. एवढ्या आखूड आतड्याच्या प्राण्याला एकादशी परवडत नाही.

शाकाहारी घरात फेरेट पाळावी का, असं कुणी आधी विचारलं असतं तर मी ‘ससा घ्या’ म्हटलं असतं. आता चिंगी आलीच आहे, तर कोरडं खाद्य देता ते उत्तम. कच्चं मांस हाताळायची सक्ती मी करणार नाही.

राहिला प्रश्न सासूबाईंचा. त्यांना तिला काहीतरी द्यायचंच असतं, हे मला कळतं. एखादी जुनी पँट काढा, तिचा पाय जमिनीवर पसरा आणि दुसऱ्या टोकाशी सासूबाईंना बोटं हलवत बसवा. चिंगीला ते सशाचं बीळच वाटेल. मात्र तेवढ्या वेळात भाजीची परात ओट्यावर ठेवा, खाली नको.