युटीएमवर कॉम्पोझिटचा श्रिंकेज स्ट्रेस मोजायचा असेल तर

तुमचा प्रश्न असा की दोन कॉम्पोझिटचं (दातात भरायचं, लाइटनं कडक होणारं मटेरियल) श्रिंकेज, म्हणजे कडक होताना आकसणं, आर्किमिडीज पद्धतीनं (पाण्यात वजन करून) काढून झालंय, एकाचं २ टक्क्यांच्या आसपास आणि फ्लोएबलचं (पातळ, वाहतं कॉम्पोझिट) ४ च्या वर, तर त्यातून येणारा स्ट्रेसही (ताण) दुप्पट धरायचा का आणि कॉलेजच्या युटीएमवर (ओढून-दाबून जोर मोजणारं युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) तो मोजता येईल का. दुप्पट अजिबात धरू नका. मोजता नक्की येईल, पण सेटअपचा कॉम्प्लायन्स, म्हणजे दर न्यूटन जोराला तो स्वतः किती मायक्रॉन सरकतो ते, काढल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही, आणि थीसिसमध्ये नेमकं तेच राहून जातं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मटेरियल मोकळं ठेवलं तर ते आकसतं आणि विषय संपतो, स्ट्रेस येतच नाही. तो येतो कारण बॉण्डिंगनं ते भिंतींना धरलेलं असतं आणि आकसता आकसता कडकही होत असतं. म्हणजे श्रिंकेज आणि मोड्युलस (मटेरियलचा ताठपणा) दोन्ही लागतात. फ्लोएबल आकसतं जास्त, पण फिलर (आत मिसळलेले बारीक कण) कमी म्हणून मोड्युलसही कमी, त्यामुळे स्ट्रेस बरोबरीला येऊ शकतो. शिवाय सी फॅक्टर आहेच, फाइल्झर, डी गी आणि डेव्हिडसन यांनी १९८७ साली मांडलेला, चिकटलेला पृष्ठभाग भागिले मोकळा पृष्ठभाग.

आता हिशोब बघा. ६ मिमी व्यासाचे दोन रॉड समोरासमोर, मधे १ मिमी गॅपमध्ये कॉम्पोझिट, सी फॅक्टर झाला ३. क्षेत्रफळ २८.३ चौरस मिमी, लोड सेलनं (जोर मोजणारा सेन्सर) १०० न्यूटन दाखवले तर स्ट्रेस ३.५ मेगापास्कल. इथपर्यंत सगळे येतात. पण हा १ मिमीचा थर उंचीत आकसून आकसून किती आकसणार, फार तर २०-३० मायक्रॉन. आणि ग्रिप (रॉड धरणारी पकड), रॉड, लोड सेल हे सगळं मिळून दर न्यूटनला ०.१ मायक्रॉन जरी देत असेल तरी १०० न्यूटनला १० मायक्रॉन गेले की! तेवढी मोकळीक मटेरियलला फुकट मिळाली आणि स्ट्रेस कमी दिसला. तेच मटेरियल ताठ सेटअपवर लावा, आकडा वाढेल. आणि नुसता आकडा नाही, क्रमसुद्धा बदलू शकतो, कारण ढिल्या सेटअपमध्ये जवळपास श्रिंकेजवरच क्रम लागतो आणि ताठ सेटअपमध्ये मोड्युलस बोलायला लागतो. एका पेपरमध्ये फ्लोएबल वर आणि दुसऱ्यात खाली दिसलं की आधी दोघांचे सेटअप बघायचे ते यासाठी.

रॉड कशाचा घेताय यावर फार अवलंबून आहे. लाइट आत जायला एक तरी रॉड पारदर्शक लागतो, आणि ऍक्रिलिक स्वस्त म्हणून बरेच जण तेच घेतात. पण ६ मिमी व्यासाचा, फक्त १० मिमी मोकळा सोडलेला ऍक्रिलिक रॉड एकटाच दर न्यूटनला ०.१ मायक्रॉनच्या वर देतो, तर काचेचा तेवढाच रॉड साधारण ०.००५. काच घ्या, मोकळी लांबी कमीत कमी ठेवा. एक्स्टेन्सोमीटर (अंतरातला बारीक बदल मोजणारं उपकरण) मिळत असेल तर दोन्ही रॉडवर अगदी सॅम्पलच्या कडेला लावा आणि गॅप कायम राहील असा क्रॉसहेडला (मशीनचा वरखाली हलणारा भाग) फीडबॅक द्या. नसेल तर त्याच ग्रिपमध्ये कॉम्पोझिटशिवाय एक सलग स्टीलचा रॉड ओढून न्यूटनला किती मायक्रॉन सरकतं ते काढा, तुमच्या काचेच्या रॉडचा हिशोब त्यात जोडा, आणि तो आकडा स्ट्रेसच्या टेबलाशेजारीच छापा.

ताठ सेटअप म्हणजे खरं उत्तर असंही समजू नका बरं का. दाताचे कस्पही (चावायच्या बाजूचे उंचवटे) थोडे वाकतात, एमओडीमध्ये (दोन्ही बाजूंना उघडा खड्डा) क्लास वनपेक्षा (फक्त वरून उघडा खड्डा) जास्त. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या पॅफेनबार्गर संशोधन केंद्राच्या कॅन्टिलिव्हर टेन्सोमीटरची (एका टोकाला धरलेल्या बीमच्या वाकण्यावरून स्ट्रेस मोजणारं उपकरण) मला आवडणारी गोष्ट तीच, बीमवरची जागा बदलून कॉम्प्लायन्स आपण ठरवायचा.

बाकी, रॉडची टोकं सँडब्लास्ट करून सिलेन (काचेला कॉम्पोझिट चिकटवणारं रसायन) लावा, ग्राफ अचानक खाली पडला तर बॉण्ड सुटलाय, ते सॅम्पल बाद. लाइटची तीव्रता लाइट गनच्या टोकाशी नाही, रॉडच्या दुसऱ्या टोकाशी रेडिओमीटर धरून मोजा. लाइट बंद झाल्यावर थंड होताना स्ट्रेस आणखी चढतो, म्हणून निदान १० मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवा.

तुमच्या युटीएमला लोड सेल किती क्षमतेचा आहे ते सांगा. १० किलोन्यूटनचा असेल तर १०० न्यूटन म्हणजे त्याचा जेमतेम १ टक्का, तिथलं रीडिंग भरवशाचं असेलच असं नाही, ५०० न्यूटनचा मागवून घ्या.