कायद्याचा सल्ला: संमती कशाला म्हणायची?

प्रश्न: ओळखीच्या माणसाने मैत्रिणीवर जबरदस्ती केली. भीतीने ती गोठून गेली, ओरडली नाही. अंगावर ओरखडाही नाही. घरचे म्हणतात, केस टिकणारच नाही. खरं आहे का?

उत्तर: नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ६३ सांगतं की, स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरूनच तिची संमती होती असं मानता येत नाही. शब्दांतून, हावभावांतून किंवा अन्य प्रकारे, त्या ठरावीक कृतीसाठी स्वेच्छेने दिलेला स्पष्ट होकार म्हणजे संमती. कालचा होकार आज चालत नाही, आणि एका गोष्टीला दिलेला दुसरीला लागू होत नाही.

हे सहजासहजी मिळालेलं नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांना सोडलं. जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, हे त्यामागचं एक कारण. त्यावर देशभर आंदोलनं झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: पोलीस कोठडीसारख्या प्रकरणांत संबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं स्त्रीने न्यायालयात सांगितलं, तर न्यायालय तसंच गृहीत धरतं. संमतीची आजची व्याख्या २०१३ ची. तुमच्या मैत्रिणीच्या घरचे अजून १९७२ मध्येच आहेत.

आता काय करायचं? घटना ताजी असेल तर तपासणीआधी आंघोळ नको, कपडे धुणं नको. कपडे वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये दमट राहून बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाला प्रथमोपचार आणि उपचार मोफत द्यावेच लागतात. नकार दिला तर तो गुन्हा आहे. मात्र रुग्णालय पोलिसांना कळवणार, हे आधीच माहीत असू द्या. तपासणी तिच्या संमतीनेच होते, आणि कुप्रसिद्ध ‘टू फिंगर टेस्ट’ (योनीत दोन बोटं घालून केली जाणारी तपासणी) कुणी करू लागलं तर ठाम नकार द्या. ती करणं गैरवर्तन ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं आहे.

गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. शून्य क्रमांकाने नोंद करून तो हद्दीतल्या ठाण्याकडे वर्ग करायचा असतो. अशा गुन्ह्याची नोंद न करणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. खटले लटकतात ते बहुधा एका गोष्टीवर: उशिराचं कारण. तक्रारीला दिवस गेले असतील तर ‘भीती वाटली’, ‘घरच्यांनी अडवलं’, जे काही असेल ते फिर्यादीतच लिहून घ्या. हेच पहिल्यांदा साक्षीच्या वेळी बाहेर आलं, तर बचाव पक्षाचा वकील ‘नंतर सुचलं’ म्हणणारच.

प्रश्न: तीन वर्षं संबंध होते, लग्नाचं वचन होतं. आता तो नाही म्हणतो. गुन्हा होतो का?

उत्तर: वचन मोडलं एवढ्याने होत नाही. वचन देतानाच ते पाळायचा इरादा नव्हता, हे दाखवावं लागतं. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन कसोट्या सांगितल्या: वचन मुळातच खोटं असावं, आणि तिचा निर्णय थेट त्या वचनावर अवलंबून असावा. नव्या संहितेत यासाठी कलम ६९ स्वतंत्रपणे आलं. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. नोकरी-बढतीचं आमिष आणि ओळख लपवून केलेलं लग्नही त्यात येतं.

तो आधीच विवाहित होता आणि ते लपवलं, हा भक्कम मुद्दा. दोघं खरंच लग्न करणार होते आणि पुढे घरच्यांनी मोडता घातला, हा कमजोर. तुमच्या बाबतीत पहिल्या दिवसांतले संदेश शेवटच्या भांडणापेक्षा मोलाचे आहेत. प्रेमभंगाला बलात्काराची फिर्याद हे औषध नव्हे, हेही स्पष्ट सांगते.

प्रश्न: मुलगा एकोणीसचा, मुलगी सतरा वर्षांची. दोघांच्या मर्जीने सगळं झालं.

उत्तर: कायद्याच्या लेखी तिची मर्जी नाहीच. अठरा पूर्ण होईपर्यंत पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) लागू, आणि वयातलं अंतर कमी म्हणून सूट नाही. लैंगिक संबंधाला किमान दहा वर्षं कैद. सोळाच्या आत असेल तर वीस. संमतीचं वय २०१२ पर्यंत सोळा होतं, त्यामुळे पालकांचा गोंधळ उडतो. नंतर लग्न लावलं तरी गुन्हा आपोआप मिटत नाही. वयासाठी आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर जन्मदाखला पाहतात. दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी, आणि ती अंदाजच देते. मुलगी गरोदर असेल तर डॉक्टरकडे न्यायला घाबरू नका: तिने आणि पालकांनी विनंती केल्यास गर्भपाताच्या वेळी डॉक्टरने पोलिसांना तिचं नाव सांगायची गरज नाही, असा २०२२ चा निकाल आहे.

प्रश्न: माझ्या संमतीने काढलेला खासगी फोटो त्याने पसरवला.

उत्तर: काढायला संमती म्हणजे पसरवायला संमती नव्हे, कलम ७७ हे स्पष्ट सांगतं. पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं. संतापाने चॅट पुसू नका. लिंक, तारीख, वेळ नोंदवा, मूळ फोन जपून ठेवा. नुसत्या स्क्रीनशॉटवर न्यायालयात अडचण येते, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही करता येते.

प्रश्न: नवऱ्याने जबरदस्ती केली तर?

उत्तर: पत्नी अठराच्या वर असेल तर तो बलात्कार नाही, असा अपवाद कायम आहे. माझ्या मते तो जायला हवा. विभक्त राहत असताना मात्र दोन ते सात वर्षं शिक्षा आहे. एकत्र राहत असाल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा आणि क्रूरतेचं कलम ८५ वापरा.

प्रश्न: पुरुषावर अत्याचार झाला तर?

उत्तर: अठराच्या आतल्या मुलांना पॉक्सो आहे. प्रौढ पुरुषासाठी जुन्या दंड संहितेतलं ‘अनैसर्गिक’ संबंधांचं कलम ३७७ उरलं होतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीचे संबंध त्यातून वगळले होते, जबरदस्ती नव्हे. नव्या संहितेत ते कलमच नाही, आणि बलात्काराच्या व्याख्येत पीडित फक्त स्त्री. म्हणून आज दुखापत, डांबून ठेवणं, धमकी अशी कलमं लावून फिर्याद द्यावी लागते. वैद्यकीय तपासणी तितक्याच लवकर करून घ्या.