'केस' या अमेरिकन कंपनीचा जुना स्टॉकमन, म्हणजे तीन पात्यांचा खिशातला घडीचा चाकू घेतलाय. साल कसं ओळखू आणि रोज खिशात बाळगावा का?

मोठ्या पात्याच्या बुडाशी, मुठीलगतचा शिक्का भिंगातून पाहा. नुसतं 'केस एक्सएक्स' असेल तर १९४० ते १९६४. खाली 'यूएसए' असेल तर १९६५ ते १९६९. १९७० मध्ये शिक्क्यात १० ठिपके आले आणि दरवर्षी एक कमी होत १९७९ ला एकच उरला. मागच्या बाजूला ६३१८ असेल तर ६ म्हणजे हाडाची मूठ, ३ पाती, १८ हा नमुना.

पात्यांवरचा करडा-निळसर थर अजिबात घासू नका, बफिंग (चाकावर चकाकी आणणं) तर नकोच. संग्राहक त्यालाच किंमत देतात. तांबडा गंज मात्र तेल लावून बोथट तांब्याच्या तुकड्याने हलकेच खरवडा.

जरूर बाळगा, पण या चाकूला लॉक नसतं, पातं फक्त पाठीमागच्या स्प्रिंगवर टिकतं. त्यामुळे टोक खुपसणं किंवा झाकण उचकटणं टाळा; पातं बोटांवर मिटतं. घामाचा खिसा कार्बन स्टीलचा वैरी आहे, कोकणातल्या पावसाळ्यात तर एका रात्रीत डाग पडतात. रोज पुसा. महिन्यातून एकदा सांध्यात लिक्विड पॅराफिनचा एक थेंब सोडून पातं दहा वेळा उघडझाप करा, काळं बाहेर येईल ते टिपा. खोबरेल नको, थंडीत गोठतं.

संग्रहात सेल्युलॉइडच्या (एक जुनं प्लास्टिक) मुठीचा चाकू असेल तर तो वेगळा ठेवा. त्यातून निघणाऱ्या वायूने शेजारची पातीही गंजतात. चामड्याच्या म्यानातही कायमचा ठेवू नका. विमानप्रवासात चेक-इन सामानातच टाका.