वाटेत गाडी अडवली जाते तेव्हा

उसाचा गळीत हंगाम जवळ आला की मालवाहू गाड्यांच्या तपासणीविषयी या सदराकडे पत्रे वाढतात. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर आणि बेळगाव येथून आलेल्या पत्रांपैकी काही येथे संक्षिप्त करून घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी दहा चाकांच्या ट्रकवर चालक आहे आणि हंगामात शेतातून कारखान्यापर्यंत ऊस नेतो. शेतात काटा नसतो. वजन कळते ते थेट कारखान्याच्या काट्यावर. मधल्या रस्त्यात आरटीओच्या अधिकाऱ्यांनी गाडी काट्यावर न्यायला सांगितली तर नकार देता येतो का? वजन जास्त भरल्यास दंड माझ्यावर की मालकावर?
— एक ट्रकचालक, चिकोडी तालुका

उत्तर : नकार देता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११४ प्रमाणे अधिकृत अधिकाऱ्याला भरलेली गाडी काट्यावर नेण्याचा आदेश देता येतो. हा काटा गाडीच्या पुढच्या मार्गापासून १० किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत असला पाहिजे. म्हणजे आलेल्या वाटेने कितीही मागे फिरवून नेता येईल, असा त्याचा अर्थ नाही, आणि एवढे आपण नम्रपणे विचारू शकता. मात्र थांबण्यास किंवा वजन करून घेण्यास नकार देणे, अथवा काट्यावर जाण्याआधी माल उतरवून टाकणे, यासाठी ४०,००० रुपये दंड आहे. जादा वजनाचा मूळ दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा आहे. आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, गाडीचे मालासह एकूण वजन २८,५०० किलो नोंदलेले असेल आणि काट्यावर ३१,५०० किलो भरले, तर तीन टनांचे ६,००० धरून २६,००० रुपये होतात. पळवाट म्हणून मोळ्या रस्त्याकडेला टाकणाऱ्याला त्याहून अधिक भरावे लागते, हे पुष्कळ चालकांना दंड बसल्यावरच कळते.

दंडाइतकाच त्रास जादा माल उतरवण्याचा असतो. तो उतरवून वजन नियमात येईपर्यंत गाडी हलवू नये, असा लेखी आदेश अधिकारी देऊ शकतो. उतरवण्याचा खर्च गाडीवाल्यावर पडतो आणि उतरवलेल्या मालाची जोखीमही त्याचीच असते. रात्री अकरा वाजता रस्त्याकडेला ऊस उतरवायला माणसे कुठून आणायची, याचा विचार फडातच झालेला बरा.

कायद्याच्या शब्दांत गाडी चालवणारा जसा दोषी आहे, तसाच ती चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही दोषी आहे. त्यामुळे मालक नामानिराळा राहू शकत नाही. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम २१ मध्ये लायसन्स निलंबित करण्यासाठी जी कृत्ये दिली आहेत त्यांत मालगाडीतून जादा वजन नेणे आणि मालगाडीतून माणसे नेणे ही दोन्ही आहेत. दंडाचे पैसे मालक भरू शकतो. तीन महिने घरी बसायची पाळी मात्र आपल्यावर येते. म्हणून मालकाने किंवा मुकादमाने 'अजून चार मोळ्या बसतील' म्हटले, तर 'लायसन्स माझे आहे' एवढेच उत्तर पुरे आहे. वाहतुकीचा दर टनावर ठरलेला असल्यामुळे हा आग्रह होतो, हे आम्हांलाही ठाऊक आहे, पण त्या दरात आपल्या निलंबनाची भरपाई धरलेली नसते.

शेतात काटा नसला तरी अंदाजाचे साधन आपल्याच खिशात असते. कारखान्याच्या काट्याच्या जुन्या पावत्या फेकून देऊ नयेत. प्रत्येक पावतीच्या मागे गावाचे नाव, उसाची जात आणि फाळक्याच्या (हौद्याच्या फळीच्या) किती वर थर गेला होता, हे लिहून ठेवावे. एकाच शिवारातील चार-पाच पावत्या जमल्या की फाळक्याच्या वर किती थर घेतल्यावर किती टन होते, याचा बराच पक्का अंदाज येतो. पाऊस झाल्यानंतर तोडलेला ऊस आणि त्याला चिकटून आलेला चिखल यांमुळे तेवढ्याच थराला वजन अधिक भरते. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) सपाट होऊन उलट्या बाजूला वाकलेले दिसले, तर पावती न पाहताही गाडी जादा भरली आहे असे समजावे. मोळ्या बाजूने बाहेर आल्या असतील तर वजन नियमात असूनही बाहेर आलेल्या मालासाठी वेगळा २०,००० रुपये दंड आहे.

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून कोल्हापूर व पुण्याकडे कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) नेणारे माझे दोन ट्रक आहेत. कागदपत्रे पूर्ण असतात, तरीही गाडी सदोष असल्याचा दंड दोनदा लागला. निघण्यापूर्वी चालकाने नेमके काय पाहावे?
— एक गाडीमालक, बेळगाव

उत्तर : कलम १९० मधील सदोष गाडीची व्याख्या समजून घेतली तर तपासणीतील बरेच काही उलगडते. चालकाला ठाऊक असलेला दोष तर त्यात येतोच, शिवाय साधी काळजी घेतली असती तर जो कळला असता, तोही येतो. 'मला माहीत नव्हते' हे उत्तर त्यामुळेच चालत नाही. दंड १,५०० रुपयांपर्यंत असतो, परंतु त्याच दोषामुळे अपघात होऊन कोणाला इजा झाली तर प्रकरण कैदेपर्यंत जाऊ शकते.

ही साधी काळजी म्हणजे निघण्यापूर्वी गाडीभोवती मारलेली एक फेरी. ती मागून सुरू करावी. मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी रेडियमची पट्टी असावी लागते. ती असते, पण कच्च्या रस्त्याच्या चिखलाने किंवा कारखान्यातील काळ्या धुळीने माखलेली असते, आणि माखलेली पट्टी अंधारात नसल्यासारखीच असते. ओल्या फडक्याने ती पुसायला पाच मिनिटे पुरतात. मागचा आडवा संरक्षक दांडा खड्ड्यात किंवा माल उतरवताना आपटतो म्हणून तो वर वाकवून वेल्डिंग करून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. लहान गाडी मागून आदळली तर ती ट्रकखाली घुसू नये यासाठी तो दांडा असतो. वर उचललेला दांडा अधिकाऱ्याच्या लांबूनच नजरेत भरतो. ब्रेकचे दिवे एकट्याने तपासता येत नाहीत. क्लीनरला मागे उभे करून दोन्ही बाजूंचे पाहावेत.

टायरच्या खाचांत आडवी रबरी उंचवटी असते. नक्षी झिजून तिच्या पातळीला आली की टायर बाद समजावा. जोडचाकातील आतल्या टायरकडे कोणी वाकून पाहत नाही आणि बहुतेक वेळा तोच गुळगुळीत निघतो. चाकाच्या नटाखालून गंजाची तांबडी रेघ ओघळलेली दिसली, तर तो नट ढिला असण्याचा संभव मोठा असतो.

हवेच्या ब्रेकची तपासणी मात्र घाईत करू नये. चाकांना ठोकळे लावून हवा पूर्ण भरू द्यावी, इंजिन बंद करावे, ब्रेकचा पेडल दाबून धरावा आणि मिनिटभर हवेच्या काट्याकडे पाहावे. काटा खाली सरकतच राहिला तर हवा कुठेतरी गळते आहे, आणि इंजिन बंद असल्यामुळे ती फुसफुस कानांनीही सापडते. हवेच्या टाकीत साठलेले पाणी रोज सोडावे. बेळगावहून कोल्हापूरकडे जाताना निपाणीच्या अलीकडे तवंदी घाटाचा उतार लागतो आणि आपल्या गाडीत कास्टिंगसारखा जड माल असतो. तिथे ब्रेक तापल्यावर गळती शोधण्याला काही अर्थ उरत नाही.

कास्टिंगविषयी एक गोष्ट आपण विचारली नसली तरी सांगतो. हा माल जागा थोडी घेतो आणि वजन फार देतो. क्रेनला सोपे जाते म्हणून तो सगळा मागच्या टोकाला ठेवला जातो, आणि मग एकूण वजन नियमात असूनही मागच्या आसावर (अ‍ॅक्सलवर) मर्यादेपेक्षा अधिक भार येतो. आरसीवर आसांचे वजनही नोंदलेले असते. माल हौद्यात कुठे ठेवायचा हे चालकाने सांगावे, क्रेनवाल्याने ठरवू नये.

प्रश्न : मूळ कागद गाडीत ठेवले तर हरवतात. मोबाइलवरील कागद चालतात का?
— एक चालक, खानापूर

उत्तर : डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या अ‍ॅपमधील कागद चालतात, केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ मध्ये तशी तरतूद २०१८ मध्ये झाली. मालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो मात्र त्यात बसत नाही. अनमोड किंवा चोर्ला घाटाच्या जंगलपट्ट्यात रेंज जाते, म्हणून छापील प्रतींची एक फाइल केबिनमध्ये असावी. इन्शुरन्स, फिटनेस व परमिट यांपैकी एखादा कागद त्या वेळी जवळ नसेल, तर मागणी झाल्यापासून १५ दिवसांत साक्षांकित प्रत सादर करण्याची सोय कलम १३० मध्ये आहे. कागद घरी राहिला असेल तरच या सवलतीचा उपयोग. मुदत संपलेला असेल तर नाही. आठ वर्षांपर्यंतच्या मालगाडीचे पासिंग, म्हणजे फिटनेसचे नूतनीकरण, दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. गाडीला नववे वर्ष लागले की पूर्वीच्या हिशेबाने चालणारे पुष्कळजण येथेच फसतात.

प्रश्न : मिळालेले चालान कन्नडमध्ये होते, मला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. सही करावी का? आणखी एक, एका ठिकाणी पावतीशिवाय 'मिटवून टाका' असेही सुचवले गेले. अशा वेळी काय करावे?
— एक चालक, निपाणी परिसर

उत्तर : चालानावर गाडीचा क्रमांक, ठिकाण, वेळ आणि कलमाचा आकडा या चार गोष्टी प्रथम पाहाव्यात. कलमाचा आकडा कळला की गुन्हा कोणता ते कळते : १९४ म्हणजे जादा वजन, १९० म्हणजे सदोष गाडी, १९२-अ म्हणजे परमिट. मजकूर समजला नसेल तर वाचून दाखवण्याची विनंती करावी. आपल्याला कन्नड बोलता येते, त्यामुळे अडचण पडू नये. गुन्हा मान्य असेल तर तडजोड रक्कम भरून प्रकरण तिथेच संपते. मान्य नसेल तर जागेवर पैसे भरू नयेत; प्रकरण न्यायालयात जाईल आणि तिथे म्हणणे मांडता येईल. हुज्जत घालून उपयोग नाही, कारण रस्त्यावर अधिकाऱ्याचा निर्णय बदलल्याचे क्वचितच ऐकिवात येते. लायसन्स ताब्यात घेतले गेले तर तात्पुरती पोच मागून घ्यावी. ती पोच असेपर्यंत कलम २०६ प्रमाणे गाडी चालवता येते.

पावतीशिवाय पैसे देणे हा देणाऱ्याचाही गुन्हा आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, बळजबरीने पैसे द्यावे लागलेल्या माणसाला संरक्षण आहे, परंतु त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केली पाहिजे. कर्नाटकात अशा तक्रारी लोकायुक्त पोलिसांकडे करता येतात. तारीख, वेळ, ठिकाण आणि अधिकाऱ्याच्या गणवेशावरील नाव त्याच वेळी लिहून ठेवावे. आमचे मत विचाराल तर, ज्या गाडीचे वजन आणि कागद चोख असतात तिच्या चालकाला 'चालान करा' असे निर्धास्तपणे म्हणता येते; इतरांना ते जड जाते.

प्रश्न : एकाच दिवशी हद्दीवर आणि पुन्हा संकेश्वरच्या पुढे गाडी तपासली. दोनदा तपासण्याचा अधिकार आहे का?
— एक चालक, संकेश्वर

उत्तर : तपासणी कोणती होती त्यावर हे अवलंबून आहे. जीएसटीसाठी मालाची एकदा प्रत्यक्ष पडताळणी झाली असेल, तर करचुकवेगिरीची विशिष्ट माहिती हाती आल्याशिवाय त्याच राज्यात पुन्हा पडताळणी करता येत नाही. जीएसटी नियमांतील नियम १३८-क तसे सांगतो. या पडताळणीसाठी गाडी ३० मिनिटांहून अधिक अडवली गेली तर वाहतूकदाराला ई-वे बिलाच्या (जीएसटीसाठी मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन वाहतूक पत्राच्या) पोर्टलवर नमुना ०४ मध्ये तशी नोंद करता येते. गाडीच्या सुरक्षिततेच्या तपासणीला ही सवलत लागू नाही, कारण सकाळी चालू असलेला दिवा दुपारी बंद पडलेला असू शकतो.

प्रश्न : माझा ट्रक कोल्हापूर पासिंगचा (तिथे नोंदणी झालेला) आहे आणि नॅशनल परमिट आहे. निपाणीत तंबाखू उतरवल्यावर तिथूनच बेळगावचा माल मिळतो. परमिट देशभराचे असताना हा माल धरायला हरकत काय?
— एक चालक-मालक, कागल

उत्तर : हरकत आहे. नॅशनल परमिटवर आपल्या राज्यातून दुसऱ्या राज्यात आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेता येतो, पण आपले राज्य सोडून इतर एकाच राज्यातील दोन ठिकाणांमध्ये माल भरून उतरवता येत नाही. निपाणी आणि बेळगाव दोन्ही कर्नाटकात असल्यामुळे महाराष्ट्र पासिंगच्या गाडीला ही फेरी परमिटबाहेरची ठरते आणि कलम १९२-अ लागू शकते, ज्यात दंड १०,००० रुपये आहे. निपाणीहून कोल्हापूरचा किंवा गोव्याचा माल मिळाला तर तो खुशाल घ्यावा. चिकोडी पासिंगच्या गाडीने कोल्हापूर ते सांगली माल नेला तरी तोच नियम लागतो. सीमाभागात वीस-पंचवीस किलोमीटरवर राज्य बदलते, त्यामुळे परतीचा माल ठरवताना बिल्टीवरील (मालाच्या वाहतूक पावतीवरील) 'कुठून' आणि 'कुठे' ही दोन्ही गावे कोणत्या राज्यात आहेत, ते भाडे बोलण्यापूर्वी पाहून घ्यावे.